हात ओळखणारं यंत्र

त्या वर्षी आमच्या घरात दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांचा चहा एकाच पातेल्यात व्हायचा.

माझा नवरा निनाद अध्यक्षपदाच्या उमेदवार अगिलारबाईंच्या बाजूचा. नुसता बोलणारा नव्हे. सप्टेंबरपासून दर शनिवार-रविवारी पत्रकांची पिशवी खांद्याला लावून तो गावातली दारं वाजवत फिरायचा. माझे वडील व्हिटलॉकच्या बाजूचे. आई गेल्यावर बाबा मिरजेहून अमेरिकेत आमच्याकडे राहायला आले, रीतसर वाट बघून नागरिक झाले, आणि राष्ट्राध्यक्ष निवडायला मत द्यायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांनी व्हिटलॉकच का निवडले, ते मला कळलं नव्हतं. पण निनादने टोस्टला लोणी लावायला घेतलं की ते सुरू करत.

"जावईबापू, तुमच्या बाई काल करांबद्दल जे बोलल्या, ते गणित कुठल्या शाळेत शिकवतात?"

"तुमचे व्हिटलॉक शाळेत गेले होते का, ते आधी विचारा बाबा."

"गेले होते. म्हणून कमी बोलतात."

"बोलतात कमी, कारण सांगण्यासारखं काही नाही. आरोग्य विम्यावर एक वाक्य दाखवा त्यांचं."

"तू तुझ्या बाईंचं दाखव. संपणारं वाक्य हवं."

निनाद हरला की टोस्ट तसाच टाकून लॅपटॉप उघडायचा आणि संध्याकाळी आकडे घेऊन यायचा. बाबा त्या आकड्यांतही काहीतरी काढायचे. मी त्या काळात चहा उभ्याने प्यायला शिकले.

मतपत्रिका टपालाने घरी आल्या. निनादने आणि मी ओट्यावरच भरल्या. बाबा मात्र आपली पत्रिका आणि कुरियरचं एक रिकामं खोकं घेऊन खोलीत गेले. मी डोकावले तर त्यांनी खोक्याची एक बाजू कापून टेबलावर तीन भिंतींचा आडोसा उभा केला होता.

"घरात कोण बघणार आहे, बाबा?"

"कुणी नाही. पण आडोसा असला की माणूस स्वतःशी बोलतो. तू दार लाव."

बाबा पाटबंधारे खात्यात होते. तिकडे निवडणूक आली की सरकारी नोकरांना कामाला लावतात, तसं त्यांनाही लावायचे. कागदी मतपत्रिकांच्या काळात ते मतमोजणीच्या टेबलावर पर्यवेक्षक असत. लोक पत्रिकेवर रबरी शिक्का मारायचे. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध बसला, शिक्क्याऐवजी अंगठा उमटला, नाव लिहिलं, की पत्रिका बाद. ती बाद करताना बाबांना दया येत नसे, असं ते अभिमानाने सांगत. लहानपणी मला ते फार कठोर वाटायचं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

मी कागदाची शास्त्रज्ञ आहे. कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून बसवलेला गालिचा. त्यावर बॉलपेन फिरतं तेव्हा शाई वर राहते, पण पेनाच्या टोकाखालचे तंतू दबतात आणि पेन ज्या दिशेने गेलं त्या दिशेला झुकतात. उंच गवतातून कुणी चालत गेलं तर गवत जसं एका बाजूला निजतं, तसंच. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. आम्ही कागदावर तिरपा, वेगवेगळ्या तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकतो आणि तो परत कसा येतो ते मोजतो. त्यातून रेघ कुठे सुरू झाली, कुठे वळली, किती जोर होता, पेन कुठे थबकलं, हे कळतं. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर नंतरची रेघ आधीच्या चरातून आरपार गेलेली असते; म्हणजे क्रमही कळतो. जुन्या दस्तऐवजांसाठी आम्ही हे यंत्र बांधलं होतं. प्रयोगशाळेत त्याला सगळे नुसतं 'वाचक' म्हणायचे.

निवडणुकीत त्याचा उपयोग उघड होता. आमच्या राज्यात मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढचा लंबगोल पेनाने भरायचा असतो. लोक तो अर्धाच भरतात, त्यावर फुली मारतात, एक भरून खोडतात आणि दुसरा भरतात. मतदाराला काय म्हणायचं होतं यावर वकील आठवडेच्या आठवडे भांडतात. वाचक सांगू शकत होता की हा ठिपका म्हणजे विचार करताना टेकलेलं पेन आहे, आणि हा अर्धवट लंबगोल म्हणजे ठाम मनाने, एका दमात केलेली खूण आहे.

त्या नोव्हेंबरात संपूर्ण देशाचा निकाल आमच्या राज्यावर अडला, आणि राज्याचा काही थोड्या काउंट्यांवर, म्हणजे जिल्ह्यांवर. त्यात आमची एक होती. दोन्ही बाजूंनी फेरमोजणी मागितली. न्यायालयाने वादग्रस्त पत्रिका वाचण्यासाठी वाचकाची नेमणूक केली आणि वाचकाबरोबर माझी. मी शपथ घेतली.

फेरमोजणी काउंटीच्या जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये चालली. उन्हाळ्यात तिथे गायींची स्पर्धा भरते. हीटर तापले की जमिनीतून अजून त्या गायींची आठवण यायची. मधल्या टेबलावर न्यायाधीश लिंडक्विस्टबाई, एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर. उजवीकडे व्हिटलॉकचे वकील हॉब्ज, डावीकडे अगिलार यांच्या वकील केलर. कॅमेऱ्यांना आत बंदी होती. शेवटच्या रांगांमध्ये नागरिकांना बसायची मुभा होती, पण थंडीमुळे फारसं कुणी येत नसे.

राज्याच्या कायद्यात एक जुनं कलम होतं. ज्या खुणेवरून मतदार ओळखता येईल अशी खूण असलेली पत्रिका बाद. पूर्वी मतं विकत घेणारे लोक सांगत, कोपऱ्यात अमुक चिन्ह काढ, म्हणजे तू दिल्याचं आम्हाला कळेल. ते थांबवण्यासाठी केलेलं कलम.

पहिल्या दिवशी एक पत्रिका निघाली जिच्यावर व्हिटलॉक यांच्या नावाशेजारी छोटं बदामाचं चित्र होतं. केलर म्हणाल्या, ही ओळखीची खूण आहे, बाद करा. हॉब्ज म्हणाले, कायदा माणसाच्या प्रेमाच्या आड येऊ शकत नाही. न्यायाधीशांनी ती मोजली. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी एक पत्रिका निघाली जिच्यावर अगदी वर, मधोमध, काहीतरी लिहिलं होतं, आणि या वेळी मत अगिलार यांना होतं. हॉब्ज म्हणाले, ही सही आहे, बाद करा. केलर म्हणाल्या, ही निरुपद्रवी नक्षी आहे, कायदा इतका कोरडा नाही.

पत्रिका माझ्या यंत्राखाली आली. पडद्यावर ती खूण मोठी झाली. दोन उभ्या रेघा, मध्ये एक अक्षर, पुन्हा दोन उभ्या रेघा.

॥ श्री ॥

आपल्याकडे पत्र असो, परीक्षेचा पेपर असो, वर श्री येतो. बाबा किराण्याच्या यादीवरही लिहितात. त्यांचा श्री मी माझ्या सगळ्या शाळेच्या वह्यांच्या पहिल्या पानावर पाहिलेला आहे. वेलांटी थोडी जास्त लांब, वरून झेपावत येणारी. तिकडे निवडणुकीत त्यांच्या हातात शिक्का असायचा. इथे पेन दिलं. आणि पेन हातात आलं की तो हात कागदावर आधी काय करतो, हे मला पन्नाशीच्या जवळ येताना नव्याने कळायची गरज नव्हती.

आमच्या काउंटीत मराठी घर एकच होतं.

मग माझी नजर खाली गेली. लंबगोल नीट, काठोकाठ भरलेला. अगिलार. मी पुन्हा पाहिलं. वर्षभर सकाळच्या टोस्टवर व्हिटलॉकचा किल्ला लढवणाऱ्या माणसाने अगिलारना मत दिलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे बाहेर सूप घ्यायला गेले. मी यंत्रापाशी बसून राहिले.

वाचकाने आपला अहवाल तयार ठेवला होता: खूण एका दमात काढलेली, अत्यंत सरावाची, वर्ग, स्वाक्षरी. हे वर्ग ठरवणारी एक मर्यादा यंत्रात असते आणि ती मीच ठेवली होती. ती जराशी सरकवली असती तर अहवालात 'स्वाक्षरी'ऐवजी 'निरर्थक रेघा' आलं असतं, आणि बाबांचं पहिलं मत मोजलं गेलं असतं. कुणाला कळलं नसतं. मी हात मांडीखाली घालून बसले. थंडी होती, हे एक कारण.

दुपारी हॉब्ज उठले. ते चांगले वकील होते. त्यांनी यंत्राची माहितीपुस्तिका खरोखर वाचली होती.

"डॉक्टर, तुमचं यंत्र पेनाचा जोर मोजतं, लय मोजतं. प्रत्येक माणसाची ही लय वेगळी असते का?"

"बऱ्याच अंशी. चाल जशी वेगळी असते तशी."

"टपालाने आलेल्या प्रत्येक पत्रिकेचं पाकीट आपल्याकडे जपून ठेवलेलं आहे. पाकिटावर मतदाराची सही आहे. तुमचं यंत्र ती सही आणि ही खूण ताडून, ही पत्रिका कुणाची, ते सांगू शकेल?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला यंत्र बांधताना माहीत होतं. 'काय म्हणायचं होतं' आणि 'कोण म्हणालं' ही दोन उत्तरं कागदाच्या एकाच थरात असतात. पहिलं वाचणाऱ्याला दुसरं वाचता येतंच. आम्ही फक्त ते छापत नव्हतो. नाही म्हटलं असतं तर बाबा वाचले असते, पाकिटं वाचली असती, आणि मी शपथेवर खोटं बोलले असते. शिवाय पुढच्या निवडणुकीपर्यंत दुसऱ्या कुणीतरी तेच उत्तर शोधून गुपचूप वापरलं असतं.

"सांगू शकेल," मी म्हटलं. "लंबगोल भरताना पडलेल्या रेघांवरूनही सांगू शकेल. खूण असायची गरज नाही. म्हणजे कुणाचीही पत्रिका. म्हणूनच तसं करू नये."

मग केलर सावकाश उभ्या राहिल्या. त्या विरोध करतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "तसं असेल तर बदामाचं चित्र असलेली पत्रिकाही ताडून बघावी अशी आमची मागणी आहे."

पाच मिनिटांत दोघंही सगळ्या वादग्रस्त पत्रिका मागत होते. न्यायाधीशांनी हात वर केला आणि निर्णय उद्या सकाळी देईन म्हणून सांगितलं.

मी त्यांच्याजवळ गेले. "या एका पत्रिकेपुरतं मला बाजूला ठेवा, अशी विनंती आहे."

"कारण?"

"कारण सांगितलं तर पत्रिकेबद्दलच सांगितल्यासारखं होईल."

त्यांनी नाकावरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी, डॉक्टर. मला रात्रभर विचार करू द्या."

संध्याकाळी घरी पोचले तर खूण माझ्याआधी पोचली होती. शेडमधल्या कुणीतरी पडद्याचा फोटो काढून बाहेर दिला होता. पत्रिकेच्या वरची फक्त एक पट्टी, मत कुणाला ते त्यात दिसत नव्हतं. दोन्ही पक्ष फोटोचा दोष एकमेकांना देत होते. टीव्हीवर एक जण सांगत होता की दोन आणि दोन उभ्या रेघा म्हणजे तुरुंगाचे गज आहेत आणि हा छुप्या संघटनेचा संदेश आहे. दुसऱ्याला त्यात फुटबॉलचे गोलखांब दिसत होते.

बाबा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते.

"केतकी, ये. माझं अक्षर बघ टीव्हीवर."

निनाद स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन आला. "तुमचं? बाबा, तुम्ही मतपत्रिकेवर श्री लिहिलात?"

"मी नाही लिहिला. हाताने लिहिला. मला आत्ता कळतंय."

"तुरुंगाचे गज," निनाद म्हणाला आणि खुर्चीचा आधार घेऊन हसायला लागला. बाबाही हसले. दोघांचं हसणं थांबता थांबेना. मग निनादला एकदम काहीतरी सुचलं आणि तो ताठ उभा राहिला. "थांबा. म्हणजे व्हिटलॉकचं एक मत गेलं."

बाबांनी चहाचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी ते प्यायले.

"कायदा म्हणजे कायदा, बाबा. तुम्हीच सांगता. आमच्या टेबलावर दयामाया नव्हती म्हणून."

"बरोबर आहे तुझं. बाद आहे ती पत्रिका."

"इतक्या लवकर मान्य? काहीतरी बोला. केतकी, यांना बोलायला सांग."

"मी या घरात नाही," मी म्हटलं. "मी अजून कामावरून आलेली नाही आणि मी काहीही ऐकलेलं नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंसंच. पण चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरून कालव्याचं पाणी किती चोरलं ते ओळखणारा माणूस तो. मला मत दिसलं आहे, हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. निनाद झारा हलवत उभा होता.

जेवताना बाबा म्हणाले, "बातमीत सांगतायत की तुझं यंत्र पाकिटावरची सही आणि आतली पत्रिका जुळवतं."

"मला बोलता येणार नाही, बाबा."

"नको बोलू. मी बोलतो. आमच्याकडे एक साहेब होता. मोजणी झाल्यावर त्याने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, सबनीस, कुठल्या गावची पेटी कशी निघाली? पुढच्या पाळीला कुठल्या गावाला पाणी सोडायचं ते त्याला ठरवायचं होतं."

"मग?" निनादने विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, सगळ्या पेट्या एकत्र कालवून मोजल्या. सांगता नाही येणार."

"कालवल्या होत्या?"

"नव्हत्या. पण तो त्या खोलीत नव्हता. आणि दोन्हीकडचा ऊस तसाच तहानलेला उभा होता."

"म्हणजे खोटं बोललात तुम्ही," मी म्हटलं.

"बोललो. मला कुणी शपथ घातली नव्हती. तुला घातलीय." त्यांनी ताटात भात वाढून घेतला आणि बराच वेळ तो नुसता कालवत राहिले. "तिथे बाहेरच्या माणसाला बसू देतात का गं?"

"बाबा, नाही."

"बसू देत नाहीत?"

"देतात. पण तुम्ही यायचं नाही. बोललात तर पत्रिका तिथल्या तिथे बाद होईल."

"ती बाद आहेच. मी फक्त सांगायला येईन."

"आणि मत कुणाला दिलं ते..." मी निनादकडे बघून थांबले.

"कळेल," बाबा म्हणाले. "कळू दे. एकाचं कळलं म्हणजे बाकीच्यांचं झाकलेलं राहील, असं असलं तर स्वस्तात पडलं."

"व्हिटलॉकला दिलंत हे अख्ख्या गावाला माहीत आहे," निनाद म्हणाला. "त्यात कळायचंय काय? मी आणतो तुम्हाला गाडीतून. मला बघायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये शिरले तेव्हा ते दोघं शेवटच्या रांगेत बसले होते. बाबांनी कोट घातला होता आणि माकडटोपी मांडीवर घडी करून ठेवली होती. निनाद सिनेमाला आल्यासारखा पाय पसरून बसला होता.

न्यायाधीशांनी कागद समोर घेतले. "वादग्रस्त पत्रिका आणि पाकिटं ताडून बघण्याच्या दोन्ही बाजूंच्या मागणीवर..."

बाबा उभे राहिले. "मॅडम, माफ करा. ती खूण माझी आहे."

हॉब्ज आणि केलर दोघंही वळले. रक्षक पुढे झाला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं.

"आपलं नाव?"

"दिगंबर सबनीस. ही नक्षीही नाही आणि सहीही नाही. आमच्याकडे काहीही लिहायच्या आधी देवाचं नाव घेतात, ते आहे. पण ते माझ्या हातचं आहे आणि या गावात तसं लिहिणारा मीच आहे. म्हणून ती बाद करा."

"मिस्टर सबनीस, तुम्ही हे बोलला नसतात तर कदाचित तुमचं मत मोजलं गेलं असतं. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय. मी आमच्या देशात मतमोजणी केली आहे. एका माणसाने शिक्क्याखाली 'ताईंना आशीर्वाद' असं लिहिलं होतं. फार सुंदर अक्षर होतं. मी बाद केली. आज माझी मोजली तर त्याला मी काय सांगू?"

केलर झटक्यात उभ्या राहिल्या. "आमची हरकत आहे. कुणीही येऊन कुठलीही पत्रिका माझी म्हणेल. हे मत अगिलार यांचं आहे आणि ते असं वाया घालवू देणार नाही."

मी यंत्राकडे बघत होते, त्यामुळे निनादचा चेहरा मला दिसला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज मात्र आला. त्याने पाय आत घेतले होते.

"उलट हे सद्गृहस्थ अत्यंत प्रामाणिक आहेत," हॉब्ज म्हणाले. "पत्रिका बाद व्हावी."

"खात्री करायला हवी," न्यायाधीश म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर?"

"मला करता येणार नाही," मी म्हटलं. "ते माझे वडील आहेत."

न्यायाधीशांनी हळूच मान हलवली. "कालचं कारण हेच होतं."

"हो."

त्यांनी बाबांना टेबलापाशी बोलावलं, कोरा कागद दिला आणि आपलं पेन दिलं. बाबांनी कागद सरळ केला. पेन टेकलं आणि दोन उभ्या रेघा, अक्षर, दोन उभ्या रेघा, एका दमात, झेपावणाऱ्या वेलांटीसकट कागदावर आल्या. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी एका चष्म्याने पाहिले, मग दुसऱ्याने.

"मला यंत्राची गरज दिसत नाही. पत्रिका बाद."

"धन्यवाद," बाबा म्हणाले. "आणि मॅडम, आता तुम्हाला माणूस सापडला. पाकिटांना हात लावायचं कारण राहिलं नाही."

हॉब्ज म्हणाले, "बाकीच्या पत्रिकांसाठी कारण आहे."

"बाकीच्यांवर कुणाची खूण आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. "बदाम मी मोजून टाकला आहे. उरलेल्यांवर प्रश्न एवढाच आहे की मतदाराला काय म्हणायचं होतं, आणि त्यासाठी तो कोण हे मला माहीत असण्याची गरज नाही." त्यांनी आदेश तिथेच लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवला. पाकिटं बंद राहतील. वाचक प्रत्येक वादग्रस्त पत्रिकेवरच्या, त्या वेळी विचारलेल्या लंबगोलाचाच फक्त अर्थ सांगेल. त्यासाठी घेतलेली हाताच्या लयीची सगळी मोजमापं रोज संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर पुसून टाकली जातील. यापुढे यंत्र माझा सहकारी चालवेल.

दोन्ही वकिलांनी एकदमच हरकत घेतली. फेरमोजणी सुरू झाल्यापासून त्यांचं एकमत झालेला तो पहिलाच मुद्दा होता. न्यायाधीशांनी दोघांची हरकत नोंदवून घेतली आणि फेटाळली.

मला दिवसभराची सुट्टी मिळाली. निकाल लागायला अजून आठवडा होता आणि तो एका मताने लागला नाही, हे इथेच सांगून टाकते. त्या सकाळी मात्र ते आम्हाला माहीत नव्हतं. त्या सकाळी बाबांचं ते मत राज्याचं, कदाचित देशाचं, ठरू शकत होतं, आणि निनाद ते डोक्यात घेऊन गाडी चालवत होता.

बाबा त्याच्या शेजारी बसले होते, मी मागे. जत्रेचं मैदान संपलं, धान्याच्या सिलोंची रांग गेली.

"हीटर वाढव जरा," बाबा म्हणाले.

निनादने वाढवला. "वर्षभर," तो म्हणाला. "वर्षभर माझं डोकं खाल्लंत."

"खाल्लं नसतं तर दारात उभं राहून काय बोलला असतास? मे महिन्यात तुला विम्याचा एक आकडा धड सांगता येत नव्हता. ऑक्टोबरमध्ये बघ."

"म्हणजे तुम्ही माझी तयारी करून घेत होतात?"

"सुरुवातीला नाही. सुरुवातीला मी खरंच व्हिटलॉकचा होतो. नंतर तयारी."

"बाबा, मी किती दारं वाजवली माहीत नाही. त्यातलं कुठलं मत माझ्यामुळे फिरलं ते मला कधीच कळणार नाही. एकच मत आहे जे मी नक्की फिरवलं. आणि तेच आज बाद झालं. तेसुद्धा काल मीच नाचत होतो, बाद करा म्हणून."

"नाचत होतास खरा. झारा घेऊन."

मी मागे खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं.

"कुठल्या मुद्द्यावर फिरलात ते तरी सांगा," निनाद म्हणाला. "करांवर? विम्यावर? निदान ते तरी कळू दे."

"मुद्द्यावर नाही. मुद्दे तुझे अजूनही कच्चे आहेत." बाबांनी माकडटोपी हातात घेऊन तिची गुंडाळी केली. "तो कोपऱ्यावरचा म्हातारा आहे ना, ज्याच्या अंगणात व्हिटलॉकची पाटी होती? त्याने तुला दारातून हाकललं. शिव्या दिल्या म्हणालास. मग बूट काढताना म्हणालास, त्याच्या अंगणात पानांचा ढीग साचलाय, त्याला वाकता येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाताळं घेऊन गेलास. पत्रकं घरीच ठेवून."

"ते वेगळं होतं. तो काही प्रचार नव्हता."

"तेच म्हणतोय मी. मी खिडकीतून बघितलं तुला. दोन तास पानं ओढत होतास त्याच्या पाटीच्या बाजूने, पाटीला धक्का न लावता. त्यानंतर मतपत्रिका आली." बाबा समोर बघत बोलत होते. "मला मत तुलाच द्यायचं होतं, निनाद. पण कागदावर तुझं नाव नव्हतं. म्हणून त्यातल्या त्यात जवळचं जे होतं, ते भरलं."

निनादने दिवा दाखवून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, लावला, आणि पुन्हा काढून पुसायला घेतला. बाबांनी हात लांबवून हीटर आणखी थोडा वाढवला. कुणालाही घाई नव्हती.